यंत्राचे पाय

रुळांच्या एका बाजूला रायपूर शहर आणि दुसऱ्या बाजूला गुढियारी. शहरातली माणसं आम्हांला 'पटरी पार'ची म्हणतात आणि आम्ही त्यांना. जोराचा पाऊस झाला आणि मधल्या अंडरब्रिजमध्ये पाणी तुंबलं, की काही तास दोन्ही बाजू एकमेकांना खरोखरच पारख्या होतात. या गुढियारीत माझं वर्कशॉप आहे. शब्द मोठा आहे. जागा बारा बाय अठरा फुटांची. तीत एक सहा फुटी लेथ, एक पिलर ड्रिल, एक पॉवर हॅकसॉ, ग्राइंडर आणि वेल्डिंगचा सेट. माणसं तीन. एकाला वळायचं असलं तर दुसऱ्याला सांगून वळावं लागतं.

अशा जागेत प्रत्येक यंत्र कधी ना कधी दुसऱ्याच्या वाटेत येतं. वीस फुटी सळई हॅकसॉवर कापायला घेतली, की तिचं टोक दाराबाहेर रस्त्यावर जातं. त्या टोकाला आम्ही लाल फडकं बांधतो. पण सळई सरळ घ्यायची तर मध्ये उभं असलेलं ड्रिल हलवायला हवं. ड्रिलचं वजन साडेतीनशे किलोच्या घरात आणि उंची माणसाहून थोडी जास्त. तिघं मिळून पहार घालून, एकेक कोपरा सरकवत ते फूटभर हलवायचं, काम झालं की पुन्हा जागेवर आणायचं. दिवसातून दोनदा हे केलं की तिसऱ्यांदा करायची वेळ येते तेव्हा कंबर नाही म्हणते.

म्हणून १९९६च्या उन्हाळ्यात मी त्या ड्रिलला चाकं लावली. अँगलची एक चौकट जोडली, अगदी ड्रिलच्या बैठकीच्या मापाची, आणि चार कोपऱ्यांना चारही दिशांना फिरणारी चार चाकं. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे दुकानदार बघायला आले. साडेतीनशे किलोचं यंत्र एका हातानं सरकत होतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. काम करताना ते हलू नये म्हणून चाकांखाली अर्ध्या विटा लावायचो. दुसरं काही करायला हवं, असं मला तेव्हा वाटलंही नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी आमच्याकडचा मुलगा त्या ड्रिलवर एका प्लेटला भोक पाडत होता. यंत्र थरथरत होतं आणि प्रत्येक थरथरीबरोबर वीट थोडी थोडी चुरत होती. आमच्या फरशीला मोरीकडे उतार आहे. वीट फुटली, ड्रिल त्या उतारानं दीड-दोन फूट गेलं, पुढचं चाक मोरीच्या काठाला अडलं आणि वरचा भार थांबला नाही. यंत्र कलंडलं. मुलानं जे कुणीही केलं असतं तेच केलं: ते धरायला हात पुढे केला. ड्रिलचा खांब लेथच्या बेडवर आदळला आणि मध्ये त्याचा उजवा हात होता. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचं एकेक पेर गेलं. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

हा लेख त्या दोन पेरांबद्दल आहे. अवजड वस्तू हलवण्याचा इतिहास मी त्यानंतर शोधत गेलो, आणि तो मला माझ्या स्वतःच्या चुकीकडेच पुन्हा पुन्हा घेऊन आला.

*

माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले, पण लागले ते खलाशी म्हणून. आमच्या घरात सांगतात, की बाबांना नोकरी लागल्याची तार भंडाऱ्याला गेली तेव्हा आजी घाबरली. मराठीत खलाशी म्हणजे जहाजावरचा माणूस. 'रायपुरात समुद्र कुठून आला?' असं तिनं विचारलं. तिला समजावावं लागलं, की रेल्वेत खलाशी म्हणजे फिटरच्या हाताखालचा गडी. ओढणारा, उचलणारा, टेकू लावणारा.

आजीची शंका मात्र अगदीच गैर नव्हती. शब्द मूळचा जहाजावरचाच. शिडं, दोर, कप्प्या, रहाट यांच्या साहाय्यानं प्रचंड वजन हलवायची विद्या जहाजावरच्या माणसांकडे होती. म्हणून तंबू उभारायला, तोफा ओढायला, पुढे रेल्वेचे डबे आणि पुलाचे गर्डर हलवायला हीच माणसं बोलावली गेली, आणि त्यांच्याबरोबर शब्दही जमिनीवर आला. केरळात कोळिकोडजवळच्या बेपूरचे मापिला खलाशी आजही मोठमोठी लाकडी जहाजं केवळ दोर, ओंडके आणि एकसुरात घातलेल्या हाकेच्या बळावर पाण्यात ढकलतात. १९८८च्या जुलैत पेरुमनच्या पुलावरून आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढायच्या कामात मलबारचे खलाशीही होते.

आपल्याकडची या विद्येची सगळ्यात गाजलेली गोष्ट मुलूख-ए-मैदान तोफेची. १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ पन्नास टनांहून जड मानली जाते. ती परांड्याच्या किल्ल्यात होती; १६३२मध्ये विजापूरचा सरदार मुरार जगदेव यानं ती विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असं परंपरा सांगते. याच मुरार जगदेवाची दुसरी गोष्ट तुळापूरची. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्याला हत्तीच्या वजनाइतकं दान करायचं होतं, पण हत्ती तोलणार कसा? कथा अशी, की शहाजीराजांनी युक्ती सुचवली: हत्तीला नावेत चढवा, नाव जिथवर बुडेल तिथे खूण करा, हत्ती उतरवा, नाव त्या खुणेपर्यंत बुडेल इतके दगड भरा आणि दगड तोला. म्हणून नांगरगावचं तुळापूर झालं.

या दोन गोष्टी मला एकत्र वाचाव्याशा वाटतात. जड वस्तू हलवण्याची पहिली पायरी जोर नाही, वजन माहीत असणं ही आहे. आणि नुसतं वजन नाही, ते कुठे आहे हेही. नावेत हत्ती एका कडेला उभा राहिला असता तर नाव उलटली असती. माझ्या ड्रिलची मोटर आणि डोकं वर, बैठक खाली आणि अरुंद. मी त्याचं वजन धरलं होतं, पण ते किती उंचावर आहे याचा विचार केला नव्हता.

आणखी एक फरक आहे. परांड्याहून विजापूरला जाताना तोफ घसरली, तर बाजूला पळायला माळ होता. बेपूरच्या खलाशांच्या मागे किनारा असतो. बारा बाय अठराच्या गाळ्यात पडणाऱ्या यंत्राच्या एका बाजूला भिंत असते, दुसरीकडे लेथ असतो आणि मध्ये माणूस. जुनी विद्या मोकळ्या जागेची विद्या आहे. कोंदट जागेची विद्या तुलनेनं नवी, आणि ती का लागली हेही इतिहासच सांगतो.

*

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यातलं यंत्र हलवायचा प्रश्न फारसा येतच नव्हता, कारण यंत्र बांधलेलं असे. एक वाफेचं किंवा तेलाचं इंजिन, त्यावरून छताखालून जाणारा लांबलचक लोखंडी शाफ्ट, शाफ्टवर पुल्या, प्रत्येक पुलीवरून खाली उतरणारा चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एकेक यंत्र. यंत्र कुठे असावं हे कारागीर ठरवत नसे, शाफ्ट ठरवत असे. इंचभर सरकलं तरी पट्टा उतरे. यंत्राला दोन बेड्या होत्या: खाली पायाचे बोल्ट आणि वर पट्टा.

अशा काळात सगळा कारखानाच उचलून न्यायची वेळ आली तर काय होत असेल, याचं मराठी माणसाला माहीत असलेलं उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर, असं करत त्यांनी तिथे कारखाना उभा केला. पुढे गावाच्या वाढीसाठी ती जागा सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगानं भरलेली पडीक जमीन देऊ केली आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आपण ही गोष्ट एका उद्योजकाची जिद्द म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण ती ज्यांनी यंत्रं पायापासून सोडवली, वाहिली, उतरवली आणि माळरानावर नव्या पायावर पुन्हा पाणसळीत बसवली त्यांचीही आहे. लेथ जिथे पोचवला तिथे तो लगेच कामाला लागत नाही. त्याचा बेड केसभर जरी पिळला गेला, तरी सरळ कातायचा गज एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. यंत्र पोचणं आणि यंत्र बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वीज आली. १९१५मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. जगभरात बऱ्याच कारखान्यांनी सुरुवातीला एवढंच केलं, की इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि जुना शाफ्ट तसाच फिरवत ठेवला. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटर द्यायची कल्पना रुजायला पुढची काही दशकं गेली. ती रुजली आणि वरची बेडी तुटली. आता यंत्राला एक वायर पुरेशी होती. ते भिंतीला लावता येत होतं, घराच्या ओसरीत ठेवता येत होतं, बारा बाय अठराच्या गाळ्यात कोंबता येत होतं.

लहान वर्कशॉपचा जन्म इथे आहे. भिवंडीचे, मालेगावचे, इचलकरंजीचे मागाचे गाळे काय, पुण्या-कोल्हापुरातल्या गल्ल्यांतले लेथ काय आणि आमची गुढियारी काय, सगळे त्या सुटलेल्या पट्ट्याची लेकरं. १९५९मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. साठच्या दशकात रायपूरला रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना आला. राइस मिल तर होत्याच. या मोठ्या ठिकाणांभोवती बारीकसारीक कामं करणारी दुकानं उभी राहिली. मोठ्या कारखान्यात जे यंत्र जुनं म्हणून लिलावात निघे, ते आमच्याकडे नवं म्हणून येई. माझा लेथ तसाच आलेला. तो ज्या शेडमध्ये होता तिथे वर क्रेन होती. इथे वर पत्रा आहे.

म्हणजे यंत्र आलं, पण यंत्र हलवायची साधनं मागेच राहिली. आणि कायदाही मागेच राहिला.

*

१९४८च्या कारखाना कायद्याचं ३४वं कलम अगदी साधं होतं: इजा होण्याची शक्यता असेल इतकं जड ओझं उचलायला, वाहायला किंवा हलवायला कारखान्यात कुणालाही लावू नये. २९वं कलम सांगायचं, की उचलायची यंत्रं, साखळ्या, दोर यांची जाणकार माणसाकडून वर्षातून निदान एकदा कसून तपासणी व्हावी. चांगली कलमं होती. पण कारखाना म्हणजे काय, हे त्याच कायद्याच्या सुरुवातीला सांगितलं होतं: वीज वापरत असाल तर दहा किंवा अधिक कामगार, वापरत नसाल तर वीस. २०२०मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या संहितेनं हे आकडे वीस आणि चाळीस केले. माझ्याकडे तीन माणसं. इन्स्पेक्टर आला नाही तर बरंच, असं तेव्हा मलाही वाटायचं. आज वाटतं, एकदा कुणी येऊन त्या अर्ध्या विटेकडे बोट दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

नुकसानभरपाईचा कायदा त्याहून जुना, १९२३चा. त्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. मुलाची जखम भरत आल्यावर ते मी पहिल्यांदा वाचलं. शरीराचा कुठला भाग गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तो तक्ता होता. अंगठा पूर्ण गेला तर तीस टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, एकच पेर गेलं तर नऊ. मधल्या बोटाचं एक पेर सात. नऊ आणि सात. किराणा दुकानातली भावाची पाटी वाचावी तसा मी तो तक्ता वाचत होतो. दवाखान्याचा खर्च मी केला, तक्त्यानुसार येणारे पैसेही दिले. हे लिहितो ते पाठ थोपटून घ्यायला नाही. नट चिमटीत धरून आटे जुळवताना ती दोन पेरं किती टक्के लागतात, ते त्या तक्त्यात नाही. ते रोज समोर काम करणाऱ्या माणसाकडे बघितल्यावर कळतं.

*

बाबा दवाखान्यातून परत आले ते थेट दुकानात. ड्रिल अजून आडवंच होतं. त्यांनी चौकट पाहिली, चाकं हातानं फिरवून पाहिली, विटेचा चुरा पाहिला.

"ब्रेक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"वीट होती ना, बाबा."

"वीट म्हणजे ब्रेक नव्हे. अरे, हात सुटला तर यंत्रानं काय करायचं, ते तू ठरवलंच नाहीस. मग यंत्रानं ठरवलं."

बाबांचं अर्धं आयुष्य मालगाडीच्या डब्यांच्या ब्रेकवर गेलं होतं. त्या रात्री त्यांनी मला जे समजावलं ते फिटरच्या भाषेत होतं. त्यामागचा इतिहास मी नंतर वाचला. १८६९मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यानं हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. इंजिनातून नळीनं दाब सोडला, की डब्यांचे ब्रेक लागत. सोय मोठी होती, पण नळी फुटली तर दाबच पोचत नसे. म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असेल तेव्हाच तो नाहीसा. तीन वर्षांनी त्यानं ती रचना उलटी केली. आता दाब ब्रेक सोडवून ठेवायला लागे. दाब गेला, नळी फुटली, डबा तुटून मागे राहिला, की ब्रेक आपोआप लागे. आपल्याकडे पुढे बरीच वर्षं चाललेला व्हॅक्यूम ब्रेकही याच तत्त्वाचा होता.

ही उलटापालट किती मोलाची होती, ते १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मागजवळ कळलं. रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी होती, खच्चून भरलेली. चढावर इंजिन थकलं. गाडीचे दोन तुकडे करायचे, पुढचा आधी वर न्यायचा, असं ठरलं. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण आपोआप लागणारा नव्हे. गाडी तोडल्याबरोबर मागच्या दहा डब्यांचा ब्रेक सुटला. उरला तो मागच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा तुकडा निघताना किंचित मागे आला, त्याचा धक्का बसला, दगड चुरले आणि ते डबे उतारावरून मागे धावत सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर ते आदळले. ऐंशी माणसं मेली, त्यांत पुष्कळशी मुलं होती. तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश संसदेनं कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

ते वाचताना मी 'दगड चुरले' या दोन शब्दांवर बराच वेळ थांबलो. शंभराहून जास्त वर्षांनी, गुढियारीत, एका फिटरच्या मुलानं चाकाखाली वीट लावली होती.

माझ्या चुकीचं नाव मला तिथे सापडलं. मी यंत्राला हलता केलं होतं आणि थांबणं हे जादा काम करून ठेवलं होतं. करायला हवं होतं उलटं. उभं राहणं हा यंत्राचा स्वभाव असावा. हलणं ही हातानं, तेवढ्यापुरती दिलेली सवलत असावी. हात सुटला की सवलत संपली.

*

दुसरी चौकट बनवायला मला आणि बाबांना दोन महिने लागले, कारण या वेळी आधी विचार केला. चौकट ड्रिलच्या बैठकीहून चारही बाजूंना वीतभर बाहेर काढली आणि जमिनीपासून जेमतेम दोन बोटं उंच ठेवली. चार कोपऱ्यांना चाकं नाहीत, चार पाय आहेत. बोल्टचे, खाली जाड रबर, फरशीच्या उताराप्रमाणे कमी-जास्त करता येणारे. यंत्र कायम या पायांवर उभं. एका बाजूला दोन चाकं, सरळच जाणारी, जमिनीपासून सुतभर वर. समोरच्या बाजूला लांब दांड्याची एक वेगळी दुचाकी. तिची जीभ चौकटीत अडकवून दांडा खाली दाबला, की तेवढी बाजू अर्धा इंच उचलली जाते, मागची चाकं जमिनीला टेकतात आणि यंत्र चालू लागतं. दांडा सोडला, की ते जिथे असेल तिथे पायांवर बसतं.

चाकं निवडतानाही एक गोष्ट बाबांनी सांगितली. चार चाकांवर भार चौघांत वाटला जातो असं समजू नये. आपली फरशी कधीच सपाट नसते. तिपाई डुगडुगत नाही, चौपाई डुगडुगते. कुठल्याही क्षणी एक चाक अधांतरी असू शकतं. म्हणून वजनाला चारानं नाही, तीनानं भागायचं आणि तेवढं पेलणारं चाक घ्यायचं. फिरणाऱ्या चाकाचा आणखी एक दोष मला तेव्हाच कळला: ते वळून आतल्या बाजूला गेलं, की टेकायची जागाही आत सरकते. आधीच अरुंद असलेली बैठक आणखी अरुंद होते. माझी पहिली चौकट दिसत होती त्याहून लहान पायावर उभी होती.

लेथला मात्र चाकं लावली नाहीत. अनेकांनी सांगितलं, लाव. पण लेथ पाणसळीत बसलेला असतो, आणि लहान जागेत सगळीच यंत्रं हलती केली तर कुणीच कुणाला टेकू देत नाही. कुणी हलायचं आणि कुणी नाही, हे आधी ठरवावं लागतं. लेथ गेल्या एवढ्या वर्षांत दोनदाच हलवला, आणि तोही खलाशी पद्धतीनं: एक टोक जॅकवर इंचभर उचलायचं, लगेच खाली इंचभर लाकडी ठोकळा, मग दुसरा इंच, दुसरा ठोकळा. जॅक कधीही दगा देईल असं धरूनच चालायचं, म्हणजे दगा दिला तरी यंत्र इंचभरच पडेल. मग खाली पाइपचे तुकडे आणि सावकाश सरकवणं. ठोकळा काठीनं ढकलायचा, हातानं नाही. उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. एकच माणूस बोलणार, बाकीच्यांनी त्याचंच ऐकायचं. आणि सगळ्यात कठीण नियम, जो शरीराला पुन्हा पुन्हा शिकवावा लागतो: पडणारं यंत्र धरायचं नाही. ते पडू द्यायचं. लोखंड पुन्हा जोडता येतं.

आमच्या दुकानातली हत्यारं तीन भाषांत बोलतात. बाबा पहार म्हणायचे, गिऱ्हाईक सब्बल म्हणतं. ठोकळ्याला इथे गुटका म्हणतात. यंत्र हलवताना घालायची हाक मात्र छत्तीसगढीच आहे: "गोड़ ला देख!" छत्तीसगढीत गोड़ म्हणजे पाय. आजी रायपूरला आली तेव्हा घाम गाळणारी माणसं एकमेकांना गोड काय बघायला सांगतात, हे तिला बरेच दिवस कळलं नव्हतं. त्या हाकेचा अर्थ आम्ही 'स्वतःचा पाय सांभाळ' असा घ्यायचो. आता मी तिच्यात यंत्राचा पायही धरतो.

तो मुलगा आणखी अकरा वर्षं माझ्याकडे होता. मग त्यानं बीरगावच्या बाजूला स्वतःचं लहान दुकान टाकलं. मागच्या हिवाळ्यात त्यानं एक जुनी मिलिंग मशीन घेतली आणि मला बोलावलं. जागा दहा बाय पंधराची, माझ्याहून लहान. मशीनखालची चौकट त्यानं स्वतः बनवली होती. पाय चांगले दीड वीत बाहेर, माझ्यापेक्षा जास्त. मी विचारलं, एवढे कशाला, जागा खातात. त्यानं उत्तर दिलं नाही. दांडा दाबून मशीन हातभर पुढे घेतली आणि दोन्ही हात वर करून बाजूला झाला.

मशीन जागच्या जागी खाली बसली. त्याच्याकडचा नवा पोरगा तोवर आपोआप दोन पावलं मागे सरकलेला होता.